मायबाप झार ते ब्रेडची रांग: सेंट पीटर्सबर्गच्या दोन दिवसांच्या पायी टूरचा रिव्ह्यू

मार्चमध्ये भाच्याकडे सेंट पीटर्सबर्गला गेलो होतो, तो तिथे मेडिकलला आहे, चौथं वर्ष. तिथे दोन दिवसांची एक पायी टूर केली, विषय एकच, रशियात १९१७ ला क्रांती का झाली. कधी झाली आणि कोणी केली हे सगळीकडे वाचायला मिळतं, पण "का" हा प्रश्न घेऊन कोणी शहर फिरवतं हे मला नवीन होतं. ७ आणि ८ मार्च, रोज साधारण सहा तास, आम्ही चौघं होतो, मी, भाचा आणि एक रिटायर्ड जोडपं. माणशी नऊ हजार रुबल पडले दोन दिवसांचे, रुबल आणि रुपया तेव्हा जवळपास सारखाच होता. आधी मुंबईतल्या एका एजंटने हीच टूर जवळजवळ दुप्पट भावाला दाखवली होती, नाव घेत नाही, पण भाच्याने तिथूनच थेट गाईडला फोन लावला आणि काम झालं, तेव्हा ओळखीचं कोणी तिथे असेल तर मधला माणूस टाळा.

गाईड म्हणजे साठीच्या एक बाई, आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवलेल्या. आम्ही पहिल्या तासातच त्यांना "बाई" म्हणायला लागलो, भाच्याने त्यांना समजावून सांगितलं की आमच्याकडे शिक्षिकेला असंच म्हणतात, त्यांना ते फार आवडलं. इंग्रजी चांगलं, आवाज खणखणीत, हातात एक जुनी फाईल ज्यात फोटो, नकाशे आणि कागदांच्या झेरॉक्स.

सरळ सांगतो, टूर घ्याच. काय कमी आहे तेही खाली लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे ही टूर झारच्या हिवाळी राजवाड्यापासून सुरू होत नाही. नार्व्हस्काया मेट्रो स्टेशनला बोलावतात, शहराच्या दक्षिणेला, टुरिस्ट तिकडे फारसे जातच नाहीत. बाहेर आलं की समोर मोठी हिरवट कमान, वर सहा घोड्यांचा रथ, नेपोलियनला हरवल्याची आठवण म्हणून बांधलेली. चौकाचं नाव "स्ताचेक", म्हणजे संपांचा चौक, आणि तिथून जो रस्ता पुतिलोव्ह या लोखंडाच्या मोठ्या कारखान्याकडे जातो त्याचंही नाव तेच, संपांचा रस्ता. मी लालबागचा, बाबा गिरणीत साचा खात्यात, १९८२ चा संप मी दहा वर्षांचा असताना घरात बसून बघितलाय, त्यामुळे एका अख्ख्या चौकाला संपाचं नाव दिलंय हे ऐकून मी तिथेच थबकलो.

पण बाईंनी कारखान्याचं नाव काढायच्या आधी अर्धा तास गावाबद्दल सांगितलं, बर्फात उभं राहून. त्यांचं म्हणणं, शहरात जे पेटलं त्याचं सरपण गावातून आलं होतं. १८६१ मध्ये झार (म्हणजे रशियाचा सम्राट) अलेक्झांडर दुसरा याने भूदास मोकळे केले, जमीनदारांच्या मालकीची अशी २ कोटींच्या वर माणसं होती. पुस्तकात आपण एवढंच वाचतो. पुढचं असं की जमीन फुकट नाही मिळाली. सरकारने जमीनदाराला पैसे दिले आणि ते शेतकऱ्याकडून ४९ वर्षांच्या हप्त्यांनी व्याजासकट वसूल करायचं ठरलं, बऱ्याच ठिकाणी जमिनीचा भाव बाजारापेक्षा जास्त लावून. चांगली जमीन, कुरणं, जंगल जमीनदाराने स्वतःकडे ठेवलं, म्हणजे गुरं चारायची किंवा सरपण आणायचं तर परत त्याच्याच दारात. आणि हप्ता एकट्याचा नाही, अख्ख्या गावकीचा. "मीर" म्हणतात त्यांच्या गावकीला. एकाने नाही भरला तर बाकीच्यांनी भरायचा, म्हणून गावकी कोणाला सहज गाव सोडू द्यायची नाही, बाहेर जायला पासपोर्ट लागायचा, स्वतःच्याच देशात. आमचं मूळ गाव कोकणात, आजी खोताच्या गोष्टी सांगायची, त्यामुळे जमीन आपण कसायची आणि मान वर करून चालायचं नाही हे मला वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.

हे हप्ते १९०७ पासून बंद झाले, तेही १९०५ च्या दणक्यानंतर. म्हणजे बापाने सुरू केलेले हप्ते मुलगा आणि नातू भरत होते.

मग बाईंनी एक शब्द शिकवला, "बात्युश्का". झारला लोक बात्युश्का म्हणायचे, म्हणजे बाप, पण जरा लाडाने. मी म्हटलं आमच्याकडे याला शब्द आहे, मायबाप सरकार. भाच्याने अर्थ सांगितला तशी बाईंनी फाईलच्या कोपऱ्यावर तो लिहून घेतला. त्यांचं सगळं म्हणणं याच्यावरच उभं होतं. शेतकऱ्याला वाटायचं की झार चांगला आहे, मधले जमीनदार आणि अधिकारी वाईट, त्याच्यापर्यंत आपलं गाऱ्हाणं पोचत नाही, पोचलं तर तो न्याय करेल. हा विश्वास होता तोपर्यंत क्रांती शक्य नव्हती, कितीही भूक असली तरी. टूरभर बाई आम्हाला हा विश्वास कुठे कुठे तुटला त्या जागा दाखवत होत्या. मला हे फार पटलं.

आता संपांचा चौक. गावातून जमिनीवर भागेना म्हणून माणसं पीटर्सबर्गला यायची, बायकापोरं गावाकडे, पैसे गावाकडे, सुगीला शक्य झालं तर स्वतः गावाकडे. एकाच गावचे लोक एकत्र राहायचे, एकत्र शिजवायचे. अख्खी खोली नाही परवडायची तर खोलीचा "कोपरा" भाड्याने घ्यायचे, मधे चादर लावून, आणि काही ठिकाणी एकच खाट पाळीवर, एक कामावर गेला की दुसरा त्याच ऊबदार अंथरुणात. बाई हे सांगत होत्या आणि मला आमच्या चाळीतल्या गावकीच्या खोल्या दिसत होत्या, खुंट्यांवर ट्रंका, पाळीप्रमाणे झोपणारी माणसं, खानावळीचा डबा. मी त्यांना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, मग बाकीचं तुम्हाला मी सांगायची गरज नाही. पण सांगितलं, आणि बरं झालं.

१८९७ चा कायदा झाला तेव्हा दिवसाला साडेअकरा तास काम ही सुधारणा मानली गेली, यावरून आधी काय असेल समजा. युनियनला परवानगी नाही, संप हा गुन्हा. पोलिसांनीच मग एक प्रयोग केला, सरकारमान्य कामगार संघटना, म्हणजे वाफ बाहेर पडावी आणि राजकारण आत येऊ नये. पीटर्सबर्गमध्ये अशा एका संघटनेचा पुढारी होता फादर गापोन, पाद्री माणूस. डिसेंबर १९०४ मध्ये पुतिलोव्हमधून चार कामगारांना काढलं, ते याच संघटनेचे. चार माणसांवरून संप झाला. ३ जानेवारीला पुतिलोव्हचे १२ हजारांच्या वर लोक बाहेर आले आणि आठवड्याभरात शहरात लाखावर कामगार संपावर. गिरणगावात वाढलेल्या माणसाला यात आश्चर्य नाही, चार जण हे निमित्त असतं, आत किती साठलंय ते महत्त्वाचं.

बाईंनी इथे अर्जाची झेरॉक्स काढली. झारला द्यायचा अर्ज. त्यातल्या मागण्या त्यांनी एक एक वाचून दाखवल्या. आठ तासांचा दिवस, रोजची किमान मजुरी एक रुबल, सगळ्यांना शिक्षण, बोलायचं स्वातंत्र्य, सगळ्यांच्या मतदानाने निवडलेली घटना समिती, जपानशी चाललेली लढाई बंद करा. आणि मधेच एक मागणी, शेतकऱ्यांचे जमिनीचे हप्ते रद्द करा. कारखान्यातला कामगार, फाउंड्रीत काम करणारा, तो गावच्या हप्त्याबद्दल लिहितोय! मी ती ओळ त्यांना परत वाचायला लावली. अर्जाची भाषा लेकरू बापाशी बोलतं तशी, आम्हाला दुसरीकडे जायला जागा नाही, तू ऐक.

९ जानेवारी १९०५, रविवार (त्यांचं जुनं कॅलेंडर १३ दिवस मागे, आपल्या हिशोबाने २२). हजारो माणसं रविवारचे चांगले कपडे घालून, हातात देवांच्या तसबिरी आणि झारचे फोटो घेऊन, झारचं राष्ट्रगीत म्हणत निघाली, बायका-पोरांसकट. वेगवेगळ्या भागातून मोर्चे राजवाड्याकडे निघाले होते, गापोनचा मोर्चा या नार्व्हा कमानीपाशी आला. समोर सैन्य. आधी घोडदळ अंगावर घातलं, मग गोळीबार. मोर्च्यासोबत बंदोबस्ताला चालणाऱ्या पोलिसांनाही गोळ्या लागल्या. झारचा फोटो धरलेला म्हातारा पडला. शहरभर दिवसभर हेच चाललं, सरकारी आकडा १३० मेले, खरा आकडा याहून बराच जास्त असं मानतात. झार राजवाड्यात नव्हताच, तो शहराबाहेर त्सार्स्कोये सेलोला होता.

बाई कमानीच्या खाली जिथे उभ्या होत्या तिथून मागे वळून म्हणाल्या, इकडून लोक झारवर प्रेम करत आले, आणि परत गेले ते झार नाही असं म्हणत. मग दहा दिवसांनी काय झालं ते सांगितलं, ते मला अजिबात माहीत नव्हतं. झारने अधिकाऱ्यांनीच वेचून आणलेलं कामगारांचं एक शिष्टमंडळ बोलावलं आणि त्यांना सांगितलं की तुमचा अपराध मी माफ करतो. मेलेल्यांच्या घरच्यांसमोर हे शब्द गेले. त्या रिटायर्ड जोडप्यातल्या बाईंनी डोळ्याला रुमाल लावला, मलाही बोलता येईना.

तिथून राजवाड्यापर्यंत साधारण पाच किलोमीटर, बरंचसं चालत, थोडं मेट्रोने. बूट चांगले घाला, मार्चमध्ये बर्फ वितळून चिखल असतो आणि खाली निसरडं.

जेवण एका कॅन्टीनमध्ये, "स्तोलोवाया", ट्रे घेऊन रांगेत उभं राहायचं. कोबीचं सूप म्हणजे शची, कुट्टूची काशा म्हणजे आपली जाड खिचडीसारखी, आणि काळा ब्रेड, राय नावाच्या धान्याचा. त्यांच्याकडे म्हण आहे, शची आणि काशा हेच आमचं अन्न. व्हेज लोकांनी आधी विचारा, सुपात मांसाचा रस्सा असू शकतो. ब्रेड जड असतो, जरा आंबट, बोटाने दाबला तर ओलसर लागतो, एका स्लाईसने पोट भरतं. बाईंनी तो हातात धरून १८९१ च्या दुष्काळाचं सांगितलं. व्होल्गाच्या काठच्या भागात पीक गेलं, वर कॉलरा आला, लाखोंनी माणसं गेली, आणि धान्याची निर्यात थांबवायला सरकारने उशीर केला कारण परदेशी कर्ज आणि कारखानदारीसाठी धान्य विकूनच पैसा येत होता. शहरातली शिकलेली माणसं मदतीला गावात गेली तेव्हा त्यांनी पहिल्यांदा डोळ्यांनी बघितलं की सरकारला काही जमत नाहीये. १८९७ च्या शिरगणतीत शंभरात फक्त २१ लोकांना लिहिता-वाचता येत होतं. त्याच शिरगणतीच्या फॉर्ममध्ये झार निकोलसने (१९०५ चा झार तो हाच) आपला व्यवसाय लिहिला "रशियाच्या भूमीचा धनी". धनी. त्याच्या दोन वर्षं आधी काही स्थानिक प्रतिनिधींनी कारभारात थोडा सहभाग मिळावा असं नम्रपणे सुचवलं होतं तर त्याने त्याला खुळी स्वप्नं म्हटलं होतं.

जेवणाच्या टेबलावरच बाईंनी अजून दोन गोष्टी सांगितल्या, दोन्ही खाण्याच्या. १९०५ च्या जूनमध्ये काळ्या समुद्रातल्या पोटेम्किन युद्धनौकेवर खलाशांनी बंड केलं, सुरुवात अळ्या पडलेल्या मांसावरून. आणि १९१२ मध्ये सैबेरियात लेना नदीच्या सोन्याच्या खाणीत संप, तोही दुकानातून मिळालेल्या नासक्या मांसावरून, तिथे एप्रिलमध्ये सैन्याने गोळ्या घातल्या, दीडशेहून जास्त मेले. ड्यूमात, म्हणजे त्यांच्या संसदेत, गृहमंत्र्याने सांगितलं की असंच होत आलंय आणि पुढेही असंच होईल. पण त्या संपाच्या मागण्यांत एक मागणी अशी होती जिच्यासाठी मी हा रिव्ह्यू लिहायला घेतला म्हटलं तरी चालेल: आमच्याशी अरे-तुरे करू नका. रशियनमध्येही आपल्यासारखंच आहे, "ति" म्हणजे तू आणि "व्ही" म्हणजे तुम्ही. मालक, मुकादम, अधिकारी, सगळे कामगाराला तू म्हणायचे, पांढऱ्या दाढीच्या माणसालासुद्धा. त्या काळातल्या किती तरी संपांमध्ये पगार, तास आणि याच्यासोबत ही मागणी असायची, आम्हाला तुम्ही म्हणा. इंग्रजीत वाचणाऱ्याला हे कळणारच नाही, तिथे सगळेच यू. मराठी माणसाला एका सेकंदात कळतं. बाबा सांगायचे, खात्यात जॉबर, म्हणजे मुकादम, कसा हाक मारायचा ते, पगाराचं ते कधी एवढं बोलले नाहीत.

दुपारी रक्ताच्या जागेवरचं चर्च, ते रंगीत घुमटांचं, सगळे फोटो काढतात ते. १ मार्च १८८१ ला अलेक्झांडर दुसऱ्यावर इथे कालव्याच्या काठावर बॉम्ब टाकला, ज्याने भूदास सोडवले त्याच झारवर. आत तो जखमी झाला त्या जागेचे दगड तसेच ठेवलेत. हे टाकणारे "नरोदनाया व्होल्या" (लोकांची इच्छा) या गुप्त क्रांतिकारी गटाचे, त्यांच्या आधी १८७४ मध्ये शेकडो विद्यार्थी शेतकऱ्यांचे कपडे घालून गावोगाव गेले होते, लोकांना जागं करायला, आणि बऱ्याच ठिकाणी शेतकऱ्यांनीच त्यांना पोलिसात दिलं, कारण ते मायबापाच्या विरुद्ध बोलत होते. झार मारला तर लोक उठतील असं त्यांना वाटलं, लोक उठले नाहीत. त्याच गटातली सोफिया पेरोव्हस्काया, मोठ्या घरची मुलगी, २७ वर्षांची, तिला फाशी दिली. बॉम्बने जो विश्वास तुटला नाही तो २४ वर्षांनी त्या कमानीपाशी सैन्याच्या गोळ्यांनी तुटला, बाईंनी पहिल्या दिवशी या क्रमाने नेलं त्याचं कारण मला रात्री भाच्याच्या खोलीवर चहा पिताना कळलं.

दुसरा दिवस ८ मार्च, आणि हा दिवस मुद्दाम निवडा. रशियात महिला दिनाची सुट्टी असते, मेट्रोच्या बाहेर फुलंच फुलं, ट्यूलिप आणि मिमोसा. मिमोसा म्हणजे आपल्या बाभळीच्या फुलासारखं पिवळं, मऊ, गोंड्यासारखं. भाच्याने बाईंना एक जुडी दिली, त्या दिवसभर ती हातात घेऊन फिरल्या.

सकाळी राजकीय इतिहासाचं म्युझियम, गोर्कोव्हस्काया मेट्रोजवळ. क्षेसिन्स्काया नावाच्या बॅले डान्सरचा बंगला, १९१७ मध्ये बोल्शेविकांनी, म्हणजे लेनिनच्या पक्षाने, तिथे ऑफिस थाटलं आणि बाल्कनीतून लेनिन भाषणं करायचा. ती बाल्कनी बघताना मी बाईंना सांगितलं की १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी संप केला, आणि लेनिनने त्या संपाबद्दल त्याच वर्षी लिहिलं होतं. त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी तेही फाईलवर लिहून घेतलं, मायबापच्या खाली.

इथे टूर जरा पळते आणि माझी पहिली तक्रार इथेच. १९०५ च्या ऑक्टोबरात देशभर संप झाला, झारला जाहीरनामा काढावा लागला, ड्यूमा म्हणजे संसद आली. पहिली ड्यूमा ७२ दिवसांत बरखास्त, दुसरीही घालवली, मग १९०७ मध्ये मतदानाचा कायदाच बदलला म्हणजे जमीनदारांचे लोक निवडून येतील. पंतप्रधान स्तोलिपिनने गावकी मोडून शेतकऱ्याला स्वतःच्या नावावर जमीन द्यायचा प्रयत्न केला, दुसऱ्या हाताने फाशीचे खटले. त्याला अजून वीस वर्षं मिळाली असती तर क्रांती टळली असती का, यावर आजही लोक वाद घालतात. एवढा महत्त्वाचा विषय बाईंनी जिन्यात उभं राहून पाच मिनिटांत उरकला. दुसरी तक्रार, टूर फक्त रशियन माणसाची आहे. साम्राज्यात निम्म्याहून जास्त लोक रशियन नव्हते, पोलिश, युक्रेनी, ज्यू, फिनिश, जॉर्जियन, मध्य आशियातले. ज्यूंना ठरावीक भागातच राहायला परवानगी होती, १९०३ मध्ये किशिनेव्हला त्यांच्यावर हल्ले झाले, १९०५ मध्ये तर ठिकठिकाणी. कितीतरी तरुण क्रांतिकारक त्या घरांतून का आले हे सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. मी विचारल्यावर बाईंनी नीट उत्तर दिलं, पण मुळात ते टूरमध्ये असायला हवं.

महायुद्धाचा भाग मात्र चांगला. तीन वर्षांत दीड कोटीच्या आसपास माणसं सैन्यात भरती केली, बहुतेक शेतकरी, गावात नांगर धरायला बायका आणि म्हातारे. १९१४ मध्ये व्होडका बंद केली, हेतू चांगला, पण सरकारच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा त्यातून येत होता तो गेला, मग नोटा छापल्या, महागाई. रेल्वे लढाईच्या मालात अडकली, धान्य होतं पण शहरात पोचत नव्हतं. ऑगस्ट १९१५ मध्ये निकोलस स्वतः सेनापती होऊन मोगिलेव्हला, लष्कराच्या मुख्यालयात, जाऊन बसला, म्हणजे आता प्रत्येक पराभव थेट त्याच्या नावावर. झारच्या राणीच्या मर्जीतल्या रास्पुतिन या बुवाबद्दल बाई दोनच वाक्यं बोलल्या, ज्याला त्याच्याच गोष्टी ऐकायच्यात त्याने दुसरी टूर घ्यावी.

मग पूल ओलांडून व्हीबोर्गच्या बाजूला, कामगारांची वस्ती. आणि इथे टूरचा सगळ्यात भारी तास. २३ फेब्रुवारी १९१७, आपल्या कॅलेंडरने ८ मार्च. आम्ही उभे होतो तोच दिवस. बायका पहाटेपासून थंडीत ब्रेडच्या रांगेत, बारा बारा तास काम करून आलेल्या, नवरे आघाडीवर, रेशनिंग येणार अशी बातमी पसरलेली, दुकानं संपलं म्हणून फळ्या लावतायत. आदल्या दिवशीच पुतिलोव्हला टाळेबंदी झालेली. बोल्शेविकांच्या स्थानिक पुढाऱ्यानेही या बायकांना सांगितलं होतं की उद्या संप करू नका, वेळ झालेली नाही. त्यांनी ऐकलं नाही. कापड गिरण्यांतल्या बायका यंत्रं बंद करून बाहेर आल्या, नोबेलच्या इंजिनच्या कारखान्यासमोर गेल्या (डायनामाईटवाल्या आल्फ्रेड नोबेलच्या भावाचा), आणि खिडक्यांवर बर्फाचे गोळे मारून आतल्या पुरुषांना हाका मारायला लागल्या, बाहेर या, काम बंद करा.

बाई खाली वाकल्या, एका हातात मिमोसा, दुसऱ्या हाताने फुटपाथच्या कडेचा मळका बर्फ उचलला, गोळा केला आणि भिंतीवर मारला. साठीच्या बाई. म्हणाल्या, "ख्लेबा!", म्हणजे ब्रेड द्या. भिंतीवर ओला डाग राहिला. मी अनेक म्युझियम बघितलीत, आमच्या भागातल्या गिरण्यांच्या चिमण्या पाडताना बघितल्यात, पण इतिहास असा हाताला लागलेला मला आठवत नाही.

मग लितेयनी पूल. कामगारांना शहराच्या मध्यात जायचं होतं, पुलावर पोलीस, तर लोक खाली उतरून गोठलेल्या नेव्हा नदीवरून चालत पलीकडे गेले. आम्ही गेलो तेव्हा नदीवर बर्फ होता, पण मधे काळ्या भेगा दिसत होत्या. भाचा म्हणाला, "मामा, यावरून चालायची माझी हिंमत नाही." दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दोन लाखांच्या वर लोक संपावर, झारने मोगिलेव्हहून तार केली की दंगल बंद करा, २६ तारखेला सैन्याने गोळ्या घातल्या, पुन्हा तेच जे १९०५ मध्ये. फरक एवढाच की २७ ला व्होलिन्स्की रेजिमेंटच्या सैनिकांनी गोळ्या घालायला नकार दिला आणि लोकांच्या बाजूने आले. ते सैनिकही गणवेशातले शेतकरीच. २ मार्चला (या सगळ्या तारखा जुन्या कॅलेंडरच्या) झारने गादी सोडली. पहिल्या बायका बाहेर पडल्यापासून आठ दिवस.

आणि झारने गादी सोडायच्या आदल्या दिवशी, १ मार्चला, पेत्रोग्राद सोव्हिएतने (शहराचं तेव्हाचं नाव पेत्रोग्राद, आणि सोव्हिएत म्हणजे कामगार-सैनिकांच्या प्रतिनिधींची समिती) सैन्यासाठी पहिला हुकूम काढला, हुकूम क्रमांक १. बाईंनी फाईलमधली शेवटची झेरॉक्स काढली. त्यात हत्यारं सैनिकांच्या कमिट्यांच्या ताब्यात राहतील वगैरे मोठ्या गोष्टी आहेत, पण एक कलम असं, अधिकाऱ्यांनी सैनिकांशी उद्धटपणे बोलायचं नाही आणि त्यांना तू म्हणायचं नाही. कालचं जेवणाच्या टेबलावरचं मला आठवलं आणि मी बाईंकडे बघितलं, त्या हसत होत्या, त्यांनी ते मुद्दाम शेवटी ठेवलं होतं.

ऑक्टोबर, लेनिन, अरोरा युद्धनौका हे टूरमध्ये नाही. पुढच्या यादवी युद्धात आणि त्यानंतर याच शेतकऱ्यांचं काय झालं, धान्य पुन्हा कोणी आणि कसं उचललं, तेही नाही. कोणी म्हणेल अर्धवट आहे. मला वाटतं दोन दिवसांत एवढंच नीट होतं, आणि बाईंनी स्वतः सांगितलं की ती वेगळी टूर आहे आणि ती चालायला जास्त जड आहे.

टूर संपते मार्सच्या मैदानावर, फेब्रुवारीत मेलेल्यांना तिथे पुरलंय, जुन्या कॅलेंडरने मार्च १९१७ मध्ये १८४ शवपेट्या आणल्या होत्या. मधे ज्योत जळते, लोक हात शेकत उभे असतात.

कोणासाठी आहे: ज्याला इतिहासाची आवड आहे, चालायची तयारी आहे. दहा वर्षांखालची मुलं कंटाळतील. गुडघ्यांचा त्रास असेल तर पहिला दिवस जड जातो, बाईंना आधी सांगितलं तर जास्त भाग मेट्रोने करतात. आपली भारतात काढलेली व्हिसा-मास्टरकार्ड तिथे चालत नाहीत, रोख डॉलर किंवा युरो नेऊन बदलून घ्या, गाईडलाही रोखच द्यावे लागतात. भारतीयांना ई-व्हिसा मिळतो, एजंटची गरज नाही. थर्मल, कानटोपी, वॉटरप्रूफ बूट. पहिल्या दिवशी नार्व्हस्कायाला उतरून बाहेर या आणि कमानीकडे तोंड करून थांबा, बाई तिथेच भेटतात. ८ मार्चला जात असाल तर मिमोसा सकाळीच घेऊन ठेवा, दुपारी आम्ही अजून एक जुडी शोधत होतो, त्या मैदानावर ठेवायला, तर सगळीकडची संपली होती.